नवशिक्यांचा किनारा

५ एप्रिल १९८१, रविवार

पिवळीधमक आहे! आठ फूट तरी असेल. सेबॅस्टियनच्या ओटीवर आडवी ठेवली होती आणि भोवती अर्धा गाव. त्याच्या युजीनने ऑस्ट्रेलियातून आणली, बोटीवर नोकरीला आहे ना. कस्टमवाल्याने म्हणे विचारलं, हे काय, दार आहे का? युजीन म्हणाला, हो, समुद्राचं. निदान आम्हाला तरी त्याने असंच सांगितलं. माझ्या वर्गात होता तेव्हाही बाता मारायचा.

या फळीवर उभं राहून लाटेबरोबर घसरत किनाऱ्याला यायचं. तिकडे पोरं, बायका, म्हातारेसुद्धा करतात म्हणे. आपण समुद्राला एवढे खेटून राहतो, पण पाण्यात कधी उतरतो का, असं तो सगळ्यांना विचारत होता. खरंच आहे. आम्ही वाडीवाले. केळी, पानवेल आणि विहीर. पोहायला शिकायचं ते बावखलात, त्या हिरव्या डबक्यात, केळीचा खुंट छातीखाली धरून. समुद्र कोळ्यांचा. आमच्या वाट्याला त्याचा वारा.

ईस्टरच्या सोमवारी युवक मंडळाची सहल असतेच. त्या दिवशी पोरांना फळीवर चढवायचं ठरलंय. मला म्हणाला, "सर, किनारे तुम्ही निवडा. नवशिक्यांना वेगळा, पोहणाऱ्यांना वेगळा. भूगोल तुमचा." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं!

८ एप्रिल, बुधवार

बावखलात शाळा भरली. पोटावर झोपून हात मारायचे, मग गुडघ्यावर, मग उभं. एकेक जण धपाधप पाण्यात. काठावर बघ्यांची जत्रा. सालोमी पहिली उभी राहिली, सलवार-कमीजमध्ये, दोन्ही हात पसरून. मोजून तीन श्वास, आणि बुडाली. युजीनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

या दोघांचं जुळवायचं माझ्याच डोक्यातलं. सालोमीची आई इझाबेलबाय विधवा, एकटीने वाडी सांभाळली, पोरीला शिकवलं, आता पोरगी डी.एड. करते. दोन्ही घरी माझा शब्द चालतो. ईस्टर झाला की बोलणी. इझाबेलबायची एकच कुरकुर — बोटीवरचा माणूस, समुद्राचा काय भरवसा? मी म्हटलं, समुद्राचं माझ्यावर सोपवा. आणि छातीवर हातही ठेवला होता, नाटकातल्यासारखा.

१२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमधली मिस्सा संपली तसा झावळी सायकलच्या हँडलला अडकवून किनारे बघायला निघालो. रोझलिन म्हणाली, सणासुदीला लोकांचे नवरे घरी बसतात. बसू देत.

अर्नाळा — किल्ल्याच्या समोर पाणी उभं राहून येतं, बाजूला खाडीचं तोंड. तिथे युजीनने एकट्याने जावं, आणि आम्ही वाळूत बसून टाळ्या वाजवाव्या. कळंब — लांबलचक, लाटा एकामागून एक रांगेत, पण मध्येच खोल. ज्यांना नीट पोहता येतं त्यांना ठीक. आणि राजोडी! भर दुपारी पोहोचलो तर समुद्र पार लांब गेलेला. पँट दुमडून आत चालत राहिलो, चालत राहिलो, पाणी गुडघ्यावर येईना. इवल्याइवल्या लाटा, कुत्र्याच्या पिल्लासारख्या पायाशी येणाऱ्या. सुरूच्या सावलीत एक सिगारेट ओढली आणि निकाल दिला. राजोडी नवशिक्यांची.

युजीनला संध्याकाळी सांगितलं. तो खूश. फक्त म्हणाला, सर, आणखी एकदा बघून घ्या, शनिवारी, त्याच वेळेला. मला त्या दिवशी मुंबईला ऑफिसात जायचंय, नाहीतर मीच गेलो असतो. म्हटलं, जातो.

१६ एप्रिल, पवित्र गुरुवार

शाळेत द्वारकाबाईंनी विचारलं, यंदा आमची हनुमान जयंती आणि तुमचा ईस्टर एकाच रविवारी कसे? मग काय! फळ्यावर आकृती काढून सांगितलं — ईस्टर हा पौर्णिमेला धरूनच येतो, पौर्णिमा झाली की येणारा रविवार, आणि चर्चच्या गणितात यंदा पौर्णिमा शनिवारीच. त्यांना ठाऊकच नव्हतं. शिपायासकट स्टाफरूम ऐकत होती. चांगलं झालं बोलणं.

१८ एप्रिल, पवित्र शनिवार

राजोडीला गेलो नाही.

आजच्या मिस्सेत माझं वाचन होतं, समुद्र दुभंगतो आणि लोक कोरड्या पायांनी पार जातात ते. दुपारभर आरशासमोर उभा राहून मोठ्याने म्हणत होतो. रोझलिन म्हणाली, पुरे, शेजारी पाठ होईल. ऊनही मरणाचं. सायकल काढली आणि परत आत ठेवली.

मिस्सेआधी युजीन चर्चच्या दारात भेटला. गेला होतात का, विचारलं. म्हटलं, हो तर, जाऊन आलो, एकदम शांत. तोंडातून सहज निघून गेलं. काय फरक पडतो? समुद्र कुठे पळून जातोय!

वाचन उत्तम झालं. फादरांनी हात हातात घेतला.

१९ एप्रिल, ईस्टर

केवढा मोठा चंद्र उगवला आज, केळीच्या मागून! रोझलिनला हाक मारून दाखवला.

२० एप्रिल, सोमवार

सगळे जिवंत आहेत. आज लिहिता येत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

लिहायलाच हवं.

टेंपोतून उतरलो तेव्हा राजोडी ओळखू येईना. वाळू नव्हतीच. पाणी सुरूच्या मुळांपर्यंत आलेलं, आणि लाटा सरळ चढावर येऊन आपटत होत्या. पोरं ओरडली, मजा! युजीनने उचललेली फळी खाली ठेवली. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, पाणी बरंच वर आहे." मी म्हटलं, थोडं येतंच की दुपारचं. काल-परवासुद्धा असंच होतं. — हे मी बोललो. खोट्यावर दुसरं खोटं, आणि तेही हसत.

त्याने पोरांना घोट्यापलीकडे जाऊ दिलं नाही. एकेकाला फळीवर बसवून स्वतः धरून उभा. जेवणं झाली. जेवणानंतर पाणी उतरायला लागलं आणि मला हायसं वाटलं, बघा, मी म्हटलं नव्हतं! सालोमीची पाळी आली. ती पोटावर झोपली, युजीनने फळी सोडली मात्र, लाट परत फिरली आणि फळी तिच्याबरोबर गेली. ढकलल्यासारखी गेली. वर होड्यांजवळ जाळं विणणारा कोळी उठून ओरडत धावत आला — "पोरांना भायेर काढा, पानी वढतंय!"

युजीन पोहत तिच्यापर्यंत गेला. फळी फिरवली, तिला घट्ट धरायला लावलं, एक मोठी लाट येऊ दिली आणि मागून जोर लावून तिला त्या लाटेवर सोडलं. ती सरळ आली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो, कपड्यांसकट, मला पुढे जायचा धीरच होत नव्हता. ती माझ्या अंगावरच येऊन आदळली, मी तिचा हात धरला आणि ओढलं. एवढंच मी केलं. फळी माझ्याच धक्क्याने सुटली, मागे वाहत गेली आणि दुसऱ्या लाटेने उचलून युजीनच्या हातावर आपटली. त्याला कोळ्यांनी दोर टाकून आणलं. डावा हात कोपराच्या वर मोडलाय, दोन ठिकाणी.

इझाबेलबाय सहलीला आली नव्हती. संध्याकाळी सेबॅस्टियनच्या ओटीसमोर उभी राहिली आणि सगळ्या आळीदेखत म्हणाली की माझ्या एकुलत्या एक पोरीला फळीवर घालून मारायला नेली होतीस. युजीनने मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली आणि माझे दोन्ही हात धरून रडायला लागली. मास्तर, तुम्ही होता म्हणून.

मी हात सोडवून घेतले नाहीत.

२३ एप्रिल, गुरुवार

आठवीचे पेपर तपासायला घेतले. प्रश्न चौथा — उधाणाची भरती केव्हा येते? कारणे द्या. प्रश्न मीच काढलेला, दरवर्षी काढतो. पहिल्याच पोराने लिहिलंय, पौर्णिमा व अमावस्या या दिवशी सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात. खाली आकृती, अगदी मी काढतो तशी. पूर्ण गुण दिले आणि लाल पेन खाली ठेवलं.

झावळ्यांच्या रविवारी अष्टमी होती. भांगाची भरती, पाण्याला जोर नाही, आणि भर दुपारी ओहोटी. मी बघितलेला समुद्र हा महिन्यातला सगळ्यात गरीब समुद्र होता. आणि ईस्टर पौर्णिमेला धरून येतो! म्हणजे सोमवारी उधाण येणारच होतं, भरतीसुद्धा दुपारीच, आणि ती फिरली की ओढही तशीच. हे मला ठाऊक होतं. द्वारकाबाईंना चार दिवस आधी मीच फोड करून सांगितलं. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या, एक शाळेतली आणि एक चर्चमधली, आणि त्यांची भेट म्हणून कधी झाली नाही. आमच्या सहली ईस्टरला, वर्षानुवर्षं. कुणी पाण्यात उतरत नव्हतं म्हणून निभावलं.

पण चूक ही चूक असते. शनिवारी गेलो असतो तर डोळ्यांनी दिसलं असतं. जाऊन आलो म्हणालो ते मात्र खोटं आहे, चूक नाही.

२६ एप्रिल, रविवार

फादरांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. जिवाची पर्वा न करता पाण्यात उडी घेणारे आपले हिलरी सर! माणसं मागे वळून बघत होती. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर कुणी पाठ थोपटली, कुणी विचारलं पाणी कितपत होतं. रोझलिन अभिमानाने सांगत होती, गळ्यापर्यंत. तिला कमरेचं मी गळ्यापर्यंत कधी सांगितलं? आठवत नाही. सांगितलं असेन.

युजीन मिस्सेला आला नव्हता.

२९ एप्रिल, बुधवार

इझाबेलबायने निरोप दिला — हे लग्न नाही होणार. आणि निरोप कोण नेणार? मध्यस्थ! मी नेला. गेलो सेबॅस्टियनच्या घरी, बसलो, पाणी प्यालो आणि सांगितलं.

युजीनचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. त्याची बोट मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुटेल, त्याच्याशिवाय. हात जुळल्यावर कंपनीचा डॉक्टर पास करेल तेव्हा पुढचं. पिवळी फळी गोठ्यात गेलीय, सेबॅस्टियनने खुंटाला आडवी बांधली, म्हैस तिला अंग घासते. मी म्हटलं, युजीन, किनारा मी निवडला होता रे. तो म्हणाला, "नाही सर. पाण्यात पोरांना मी उतरवलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

शनिवारचं तिथेच सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याच्या आईने चहा आणला. चहा प्यालो आणि निघालो. एवढा नालायक मी कधीपासून आहे?

२ मे, शनिवार

पापनिवेदनाला गेलो. खोटं बोललो, म्हटलं. फादरांनी विचारलं, कुणाचं नुकसान झालं का? मी म्हटलं, थोडं. तीन प्रार्थना सांगितल्या. तीन! गुडघे टेकून म्हटल्या आणि घरी आलो, जसा गेलो तसाच. देवाशीसुद्धा मापात लबाडी केली मी.

६ मे, बुधवार

जेवण जात नाही. रोझलिनला वाटतं उन्हाळा.

१० मे, रविवार

इझाबेलबाय घरी आली, पिकल्या केळ्यांचा फणा घेऊन. भुईगावचं एक स्थळ आलंय, मुलगा बँकेत, कॉन्रॅड नाव. तुम्हीच जाऊन बघून या, मास्तर, तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास. मागे दारात सालोमी उभी होती. वाळली आहे पोरगी. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली. मी म्हटलं, बघतो.

काय बघतो? त्या पोरीला युजीन हवाय हे आंधळ्यालाही दिसेल. आणि युजीन काय करतो — ओटीवर बसून समोरचा रस्ता बघतो. जाणारायेणारा फळीवरून टोमणे मारतो, तो हसून घेतो. माझ्या वाटणीचं सगळं तो खातोय. मी शेपूट घालून केळी खातोय.

भुईगावला मी जाणार नाही. हे तरी लिहून ठेवतो.

१४ मे, गुरुवार

सांगितलं!

इझाबेलबाय ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. सालोमी घरात नव्हती, तेवढं बघून गेलो होतो. बसा म्हणाली. मी उभाच राहिलो, बसलो तर चहा येईल आणि मी पिऊन निघेन, मला मी ओळखतो. एका दमात सगळं बोललो. किनारा माझा, वेळ माझी, शनिवारी बघून यायचं कबूल केलं होतं ते गेलो नाही, युजीनला जाऊन आलो म्हणून खोटं सांगितलं, सोमवारी तिथे उभं राहून पुन्हा खोटं. त्याने माझ्या शब्दावर पोरांना पाण्यात नेलं. आणि तुझी पोर आणली ती त्याने. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो.

ती शेंगा सोलतच राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, "एवढे दिवस तो ऐकून घेत होता आणि तुम्ही चर्चमध्ये माना डोलवत होता?"

हो, म्हटलं.

"जा, मास्तर. आज मला तुमचं तोंड बघवत नाही."

शेताच्या बांधावरून घरी आलो. पण भूक लागली! रोझलिनकडे दोनदा भात मागून घेतला आणि मग तिलाही सांगितलं. ती जेवायची थांबली. गळ्यापर्यंत पाणी मी सगळ्या गावाला सांगितलं, म्हणाली, आता काय सांगू?

१७ मे, रविवार

गावभर झालंय. व्हायचंच होतं. मिस्सेनंतर माझ्याभोवती मोकळी जागा, हात पसरून फिरावं एवढी. क्लेमेंटीनने तिच्या दोन्ही पोरांना माझ्या अंगावरून पलीकडे ओढून नेलं, ती पोरंही सहलीला होती ना. फादरांनी बोलावून घेतलं. युवक मंडळाचं काम काही दिवस दुसऱ्या कुणी बघावं, म्हणाले. आवाज चढवला नाही. वाचन पण नको. मी हो म्हटलं.

लागलं. पण युजीन आला होता मिस्सेला, आणि लोक त्याच्याशी बोलत होते.

२४ मे, रविवार

इझाबेलबाय स्वतः चालत सेबॅस्टियनच्या घरी गेली! रोझलिनने बातमी आणली. युजीनच्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली म्हणे, माझं चुकलं, पोरा, तुला काय माहीत होतं, तू तर मास्तरावर विसंबलास. मध्यस्थाला कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

३१ मे, रविवार

लग्न ठरलं. डिसेंबरात. तोवर हात जुळेल, एखादी बोटही मिळेल.

आम्हाला आमंत्रण येईल की नाही कोण जाणे. क्लेमेंटीन आजही तोंड फिरवून गेली. वर्गातली दोन पोरं पाठीमागे "राजोडी, राजोडी" करतात, सुट्टी आहे म्हणून गल्लीत करतात, शाळा सुरू झाली की वर्गात करतील. करू देत. झोप लागते आता. कितीतरी दिवसांनी आज सायकलची साखळी साफ केली आणि शीळ घातली.

३ जून, बुधवार

सालोमी आली होती. रोझलिन बाजारात. बस म्हटलं तर दारालाच टेकून उभी.

म्हणाली, लोक तुम्हाला बोलतात सर, मला ऐकवत नाही. मग रडायलाच लागली. त्या शनिवारी युजीन मुंबईला गेलाच नव्हता. ती दोघं राजोडीला होती, सुरूत, दुपारभर. पाणी मुळांपर्यंत चढलेलं दोघांनी बघितलं. चर्चच्या दारात मी जाऊन आलो म्हटलं तेव्हा त्याला कळलं होतं की मी खोटं बोलतोय. सोमवारी सकाळी तो बेत बदला म्हणणार होता. हिनेच त्याचा हात दाबला. काय सांगणार, आम्हाला कसं ठाऊक? पवित्र शनिवारी, लग्नाआधी, एकटी? आईने मला जिवंत ठेवलं नसतं. तो म्हणाला होता, मी धरून उभा राहीन, सोडणार नाही कुणाला.

"आईला सगळं सांगून टाकू का, सर?"

मी उठून गल्लीत कुणी आहे का ते बघितलं. मग म्हटलं, त्या शनिवारी राजोडीला कुणी गेलंच नव्हतं. मी नाही, तुम्ही नाही. जा, घरी जा.